भूल

मराठीतला 'भूल' हा शब्द मोठा गमतीचा आहे. भूल म्हणजे चूक. भूल म्हणजे विसर. रानात भूल पडली म्हणजे ओळखीची वाट हरवली, चकवा लागला. आणि ऑपरेशनच्या आधी डॉक्टर देतात तीही भूलच, ती देणारा तो भूलतज्ज्ञ. एकाच शब्दात इतकं सगळं कोंबलेलं असल्यामुळे एक सोय होते (की गैरसोय?). ऑपरेशननंतर म्हातारं माणूस वेडंवाकडं बोलायला लागलं, नावं विसरायला लागलं, की कारण शोधायला लांब जावं लागत नाही. "भूल चढली." झालं निदान!

आमच्या चाकूरकडे हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. लग्नात पंगतीला बसल्यावर, लातूरच्या एस्टीत, कुणाच्या दहाव्याला. अमक्याच्या बापाला भूल चढली ती उतरलीच नाही. तमकीचं डोकं भुलीनं गेलं. ऐकणारे मान हलवतात आणि विषय पावसावर नाहीतर सोयाबीनच्या भावावर जातो.

सध्या हे सगळं डोक्यात घोळायचं कारण म्हणजे आमची आत्या. वय ७४. दोन्ही गुडघे गेलेत. अंगणातून ओसरीवर चढायचं तर दोघं लागतात. डॉक्टरांनी गुडघे बदलायला सांगून दीड वर्ष झालं, पण ती तयार नाही. पैशांची अडचण नाही, दुखण्याची भीतीही नाही. तिचं म्हणणं एकच: "माझ्या मायचं काय झालं ते बगितलंय म्या. चालता नाही आलं तर नाही आलं. माणसं वळखू आली पायजेत."

याच्यावर घरातले सगळे एका सुरात म्हणतात, "काही होत नाही हो!" मला हे उत्तर पटत नाही. काही होत नाही हे खरं नाही, आणि आत्याला ते कळतं, म्हणून तर ती ऐकत नाही. पण भूल दिली की डोकं जातंच, हेही खरं नाही. या दोन्हींच्या मध्ये खरं काय आहे ते बरेच दिवस शोधत होतो. मी डॉक्टर नाही. वाचून, विचारून जे कळलं ते इथं मांडतोय, मुख्यतः घरच्या मंडळींसाठी. बाकीच्यांच्याही घरात आत्या असतीलच.

आधी आजीचं काय झालं ते सांगतो. नातेवाइकांना माहीत आहे, तरी प्रत्येकाच्या डोक्यात त्याची वेगळी गोष्ट तयार झालीय म्हणून.

२०१८च्या हिवाळ्यात आजी न्हाणीत घसरून पडली. वय ८२. खुब्याचं हाड मोडलं. लातूरच्या एका दवाखान्यात दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. हे नीट लक्षात ठेवा, की तिला पूर्ण भूल दिलेली नव्हती. कमरेत सुई देऊन खालचा भाग बधिर केला होता. ऑपरेशननंतर ती शुद्धीवर होती, चहा मागितला, म्हैस कुणी पिळली ते विचारलं. सगळे निर्धास्त.

दुसऱ्या रात्री सुरू झालं. चादरीवरून काहीतरी वेचायला लागली. काय वेचतेस म्हटलं तर म्हणाली, तुरी निवडायलेय. मग एकदम घाबरली. म्हणाली, रझाकार आलेत, पोरींना बळदात घाला, माळवदावर कुणी दिसू नका. ज्यांना आमचा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी: मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन होऊन तो मोकळा होईपर्यंत रझाकारांची दहशत गावोगाव होती. आजी तेव्हा बारा वर्षांची. बळद म्हणजे घरातलं धान्य साठवायचं कोठार, त्यात त्या काळी बायापोरी लपायच्या. सत्तर वर्षं ज्याच्याबद्दल ती चार वाक्यांच्या वर बोलली नव्हती ते सगळं त्या वॉर्डात बाहेर आलं.

सलाईन उपसून काढायला लागली म्हणून पहाटे तिचे हात कॉटला बांधले. आता तिच्या बाजूनं विचार करा. रझाकार आलेत असं वाटतंय, आणि खरंच कुणीतरी हात बांधतंय! त्यानंतर तिला आवरणं आणखी अवघड झालं. चष्मा घरी देवळीत राहिला होता. दिवस-रात्र ट्यूबलाइट चालू. कुणी म्हणालं वात झालाय, कुणी म्हणालं बाहेरचं आहे. एका पाहुण्यानं लिंबू उतरवून टाकलं.

चौथ्या-पाचव्या दिवशी ती गप्प झाली. दिवसभर पडून. हाक मारली की डोळे उघडायचे आणि मिटायचे. आम्हाला वाटलं, बरं झालं, शांत झाली. त्याच सुमारास डोक्याचा एमआरआय काढला. रिपोर्टचा सारांश असा, की ताजा आघात नाही, वयानुसार मेंदू आकसलेला आहे, बारीक रक्तवाहिन्यांमुळे झालेले जुने बदल आहेत. काकांनी तो घरी येऊन सांगितला, "मेंदू सुकलाय म्हणं." संध्याकाळपर्यंत ही बातमी अर्ध्या चाकूरला कळली होती.

घरी आणल्यावर आठवड्याभरात आजी परत आली. ओसरीवर स्वतःच्या बाजेवर बसली, भिंत ओळखीची, आवाज ओळखीचे. ऑपरेशनपासून मोजलं तर दहा-बारा दिवस ती माणसं ओळखत नव्हती. त्यानंतर तीन वर्षं जगली आणि सगळ्यांना ओळखत होती. नातसुनांच्या माहेरच्या नावांसकट. फक्त एक गेलं. दुधाच्या रतिबाचा हिशोब ती तोंडी ठेवायची, कुणाचं किती, कुणाचं खाडं किती. ते जमेना. कोणत्या वावरात किती पायली बी लागतं तेही मध्येच सुटायचं. आत्याच्या मनात ते दहा दिवस आणि हा हिशोब मिळून एकच गोष्ट झालीय: डोकं गेलं.

खरं तर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माझा पहिला गोंधळ इथंच सुटला.

पहिली गोष्ट म्हणजे आपण ज्याला वात म्हणतो, जुने वैद्य सन्निपात म्हणायचे, डॉक्टर डेलिरियम म्हणतात. ऑपरेशननंतर काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत येतो, दिवसात कमीजास्त होतो, रात्री वाढतो, लक्ष एका जागी ठरत नाही. बहुतेकांचा काही दिवसांत ओसरतो. त्याचं दुसरं रूप म्हणजे गप्प पडून राहणं. आरडाओरडा करणारा पेशंट सगळ्यांना दिसतो, गप्प पडलेला कुणाला दिसत नाही. म्हणजे आजी 'शांत' झाली तेव्हा तिचा वात गेला नव्हता, त्यानं फक्त रूप बदललं होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे आठवडे-महिने टिकणारी घसरण. हिशोब न जमणं, बोलताना धागा सुटणं, कामाचा क्रम चुकणं. हिच्याबद्दल पहिला गाजलेला लेख १९५५ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. ऑक्सफर्डच्या बेडफर्ड नावाच्या डॉक्टरनं भूल दिलेल्या हजारावर वयस्कर माणसांची माहिती गोळा केली. ऑपरेशनपासून आमचं माणूस पहिल्यासारखं राहिलं नाही, असं घरचे सांगत होते, ते त्यानं मनावर घेतलं. साधारण दहांपैकी एका घरी अशी तक्रार निघाली. म्हणजे चाकूरच्या पंगतीत जे बोलतात तेच तिकडेही बोलत होते!

पण घरच्यांचं म्हणणं हा पुरावा झाला का? म्हातारपणी माणूस तसंही विसरतं. मग १९९८ साली एक मोठा अभ्यास आला. युरोप-अमेरिकेतल्या बऱ्याच हॉस्पिटलांनी मिळून ६० वर्षांवरच्या १,२१८ जणांच्या चाचण्या ऑपरेशनच्या आधी आणि नंतर घेतल्या. शिवाय ऑपरेशन न झालेल्या तेवढ्याच वयाच्या लोकांच्याही घेतल्या, तुलनेसाठी. एका आठवड्यानंतर ऑपरेशनवाल्यांपैकी २५.८ टक्के लोकांची घसरण दिसली, तीन महिन्यांनंतर ९.९ टक्के. ऑपरेशन न झालेल्यांत हेच आकडे ३.४ आणि २.८. म्हणजे बेडफर्डचा दहातला एक खरा निघाला.

याच लोकांपैकी काहींना एक-दोन वर्षांनी पुन्हा तपासलं. तेव्हा घसरण दिसलेल्यांचं प्रमाण १०.४ टक्के होतं, आणि ऑपरेशन न झालेल्यांत १०.६. फरक जवळजवळ पुसला गेला होता. आत्या, हा आकडा तुझ्यासाठी. बहुतेकांचं डोकं परत येतं, वेळ लागतो.

मला सगळ्यात धक्कादायक वाटला तो भुलीचा भाग. आपण सगळं बिल भुलीवर फाडतो ना? पूर्ण भूल आणि कमरेतून दिलेली भूल यांची तुलना अनेकांनी केली. २००३ साली आलेल्या अभ्यासात तीन महिन्यांनंतरची घसरण पूर्ण भुलीत १४.३ टक्के आणि अर्ध्या भुलीत १३.९ टक्के. २०२१ साली अमेरिका-कॅनडातला १,६०० जणांचा अभ्यास आला, सगळे खुब्याचं हाड मोडलेले, म्हणजे आमच्या आजीसारखे. निम्म्यांना पूर्ण भूल, निम्म्यांना कमरेतून. वात झाला तो कमरेतून भूल दिलेल्यांपैकी २०.५ टक्क्यांना, आणि पूर्ण भूल दिलेल्यांपैकी १९.७ टक्क्यांना. फरक नाहीच म्हणा ना. आजीला कमरेतूनच भूल होती, तरी वात झालाच. या अभ्यासांत कमरेतून भूल घेणाऱ्यांनाही बरेचदा थोडं झोपेचं औषध देतात, हे खरं आहे. तरीसुद्धा 'अर्धी भूल घेतली की डोकं सुरक्षित' आणि 'पूर्ण भूल घेतली की गेलं' ही दोन्ही वाक्यं आता बोलू नयेत.

मग होतं कशानं? एक कारण नाही. ऑपरेशन म्हणजे शरीराला मोठी जखम. जखमेवर शरीर जो दाह उठवतं, त्याचा निरोप रक्तातून मेंदूपर्यंत जातो, आणि तरुण मेंदू तो पचवतो तसा म्हातारा मेंदू पचवत नाही. त्यावर वेदना, रात्रीची झोपमोड, कमी पाणी, लघवी तुंबणं, छातीत किंवा लघवीत जंतू, झोपेच्या गोळ्या, सर्दी-खाजेच्या काही जुन्या गोळ्या. रोज घेणाऱ्याची दारू एकदम बंद झाली तर तेही. चष्मा नाही, ऐकायचं यंत्र नाही, ओळखीचं माणूस नाही. यातल्या एकेका गोष्टीनं काही होत नाही, पण सगळ्या एकदम आल्या की मेंदू हात टेकतो. शेतातली मोटर बघा. मोटर चांगली, केबल चांगली, विहिरीत पाणी आहे. पण सगळ्या गावानं एकदम मोटरा चालू केल्या आणि व्होल्टेज पडलं की ती नुसती गुरगुरते.

ही मोटरीची उपमा मला एमआरआयच्या रिपोर्टापाशी घेऊन आली. एमआरआय मोटरीचा फोटो काढतो, व्होल्टेज दाखवत नाही. वात झालेला असताना मेंदूच्या विजेच्या लहरी मंदावतात, हे रोमानो आणि एंगेल या दोन अमेरिकन डॉक्टरांनी १९४०-५०च्या दशकांत ईईजी काढून दाखवलं होतं. साध्या एमआरआयमध्ये वात दिसत नाही. मग तो काढतात कशाला? तर दुसरं काही नाही ना, हे बघायला. मेंदूत रक्तस्राव, गाठ, ताजा झटका. आजीच्या रिपोर्टातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य होतं 'ताजा आघात नाही'. आम्ही मात्र दुसरं उचललं, 'आकसलेला आहे'. ८२ वर्षांच्या कुठल्याही माणसाचा एमआरआय काढला तरी बहुतेकदा हेच निघेल. रस्त्यानं नीट चाललेल्या म्हाताऱ्याचा काढला तरी! तो मेंदू ऑपरेशनच्या आदल्या दिवशीही तेवढाच आकसलेला होता, आणि त्या दिवशी तिनं दोन भाकरी थापल्या होत्या.

याचा अर्थ एमआरआय बिनकामाचा असा नाही. त्यातला एक प्रकार ताजा, बारीक आघात फार छान पकडतो. २०१९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या अभ्यासात ६५ वर्षांवरच्या १,११४ जणांचा, हृदयाचं सोडून इतर ऑपरेशनं झालेल्यांचा, काही दिवसांतच एमआरआय काढला. ७ टक्के लोकांच्या मेंदूत ताजा झटका सापडला, बाहेरून काहीही लक्षण नसताना. ना हात लुळा, ना तोंड वाकडं. वर्षभरानं अशा लोकांपैकी ४२ टक्के लोकांची बुद्धीच्या चाचणीत घसरण होती. म्हणजे हे मुके झटके खरेच आहेत आणि महागही पडतात. पण ज्यांना झटका नव्हता त्यांच्यातही २९ टक्के घसरले होते, आणि असे लोक किती तरी जास्त होते. बहुतेकांची घसरण त्या फोटोत सापडत नाही.

बोस्टनच्या संशोधकांनी उलट्या बाजूनं बघितलं. सत्तरीपुढच्या, स्मृतिभ्रंश नसलेल्या लोकांचा एमआरआय ऑपरेशनच्या आधीच काढून ठेवला. पुढं कुणाला वात होईल ते मेंदूच्या आकसण्यावरून सांगता येईना. पांढऱ्या डागांवरूनही नाही. फक्त एका बारीक प्रकारच्या तपासणीत, मेंदूच्या तारांमधून पाणी कसं झिरपतं हे मोजल्यावर, थोडा फरक दिसला. ती तपासणी अजून संशोधनापुरतीच आहे. तेव्हा काकांचं 'मेंदू सुकलाय' हे वाक्य आता परत घ्यायला हरकत नाही.

आता एक कडू गोष्टही सांगायला पाहिजे, नाहीतर हे लिखाण 'काही होत नाही हो' याच जातीचं होईल. बोस्टनच्याच लोकांनी आपल्या पेशंटांना पुढं सहा वर्षं तपासलं. ज्यांना ऑपरेशननंतर वात झाला होता त्यांची बुद्धी त्या सहा वर्षांत इतरांपेक्षा ४० टक्के जास्त वेगानं उतरत गेली. वातानं मेंदूचं नुकसान केलं, की आधीच कमकुवत मेंदूला वात झाला, यावर वाद आहे. कदाचित दोन्ही. पण दहा दिवसांचा वात म्हणजे 'म्हातारपणात चालायचंच' असं नाही, एवढं नक्की.

हे वाचल्यावर मी पुन्हा आजीच्या रतिबाच्या हिशोबाकडे आलो. तो ऑपरेशननं गेला का? घरी प्रत्येकाला विचारत सुटलो. सगळे म्हणाले हो, त्याच्या आधी आजी पक्की होती. मग काकूला विचारलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, आधी दोन वर्षांपासून चुकायलं होतं. महिन्याच्या शेवटी ती स्वतः खाडे बघून ठेवायची आणि आत्याबाईंनी सांगितलं असं म्हणून पैसे घ्यायची. (आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात, गोंधळू नका.) सासूचं कमी दिसू नये म्हणून तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

मला वाटतं या सगळ्या विषयाची मेख इथं आहे. 'नंतर'चं माप घ्यायला 'आधी'चं माप लागतं, आणि आमच्याकडे आधीचं माप कुठंच लिहिलेलं नसतं. आपल्या घरातलं म्हातारं माणूस एकटं नसतं. त्याच्या विसरण्यावर घर रोज गुपचूप ठिगळं लावत असतं. चष्मा कुणीतरी हातात देतं, गोळी कुणीतरी देतं, हिशोब सून सांभाळते. हळूहळू काय सुटत चाललंय ते त्या माणसालाही कळत नाही. मग एक दिवस त्याला उचलून दवाखान्यात टाकलं की सगळी ठिगळं एकदम उसवतात. सगळं भुलीनं केलं असं वाटतं! २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज असा, की भारतात साठीपुढच्या लोकांपैकी ७.४ टक्के लोकांना, म्हणजे जवळपास ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. त्यातले किती जण त्या नावानं ओळखले जातात, ते आपल्या गावात नजर फिरवून तुम्हीच सांगा.

डॉक्टर आधीची चाचणी घेऊ शकतात, पण तिथंही गंमत आहे. १९७५ साली अमेरिकेत तयार झालेली एक छोटी चाचणी जगभर वापरतात. आज तारीख काय, शंभरातून सात-सात वजा करत जा, कागदावर लिहिलंय ते वाचून तसं करा, एक वाक्य लिहा. आमची आजी शाळेची पायरी चढली नव्हती. ऐन उमेदीतही ती या परीक्षेत नापास झाली असती, आणि त्याच काळात पंधरा घरांचं दूध तोंडी सांभाळत होती! ही अडचण १९९०च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगडला काम करणाऱ्यांनी ओळखली. त्यांनी न शिकलेल्या खेडेगावच्या माणसांसाठी हिंदीत चाचणी बदलून घेतली. वजाबाकीऐवजी वार उलटे म्हणायचे. वाचण्याऐवजी समोरचा करतो तसं करून दाखवायचं. लिहिण्याऐवजी आपल्या घराबद्दल एखादं वाक्य बोलायचं. वाचताना मला फार बरं वाटलं. माणसाला त्याच्या जगातलं विचारायचं असतं, हे कुणाच्या तरी लक्षात आलं.

आता कामाचं. वात टाळता येतो का? सगळा नाही, पण बराच. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या हॉस्पिटलात शेरॉन इनौये या डॉक्टरबाईंनी सत्तरीपुढच्या ८५२ पेशंटांवर काम केलं, ते १९९९ साली छापून आलं. हे पेशंट ऑपरेशनचे नव्हते, आजारी म्हणून दाखल झालेले होते. नेहमीच्या पद्धतीत १५ टक्के लोकांना वात झाला, त्यांच्या पद्धतीत ९.९ टक्के लोकांना. पुढं ऑपरेशनवाल्यांसाठीही हीच पद्धत वापरली गेली आणि उपयोगी पडली. असं काय केलं? चष्मा आणि ऐकायचं यंत्र जवळ ठेवलं. पाणी पाजलं. लवकर उठवून चालवलं. वार-तारीख, आपण कुठं आहोत, कोण भेटायला आलंय, हे दिवसातून अनेकदा सांगितलं. रात्री झोपेच्या गोळीऐवजी गरम दूध दिलं, पाठ चोळून दिली, आवाज कमी केले.

हसू आलं मला. गरम दूध आणि पाठ चोळणं! तिकडे यासाठी स्वयंसेवक तयार करावे लागले. आमच्या दवाखान्यात पेशंटमागं सहा माणसं असतात, फक्त ती सहाही जणं एकदम बोलतात आणि 'ओळखलंस का, मी कोण सांग' अशी परीक्षा घेतात. परीक्षा घ्यायची नाही. "आत्या, मी अमका, आपण लातूरला दवाखान्यात आहोत, काल गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आज मंगळवार" असं सांगायचं. एका वेळी एकच माणूस, आणि रात्रीचं माणूस ठरलेलं. हात बांधायची वेळ आली तर आधी विचारायचं, लघवी तुंबलीय का, दुखतंय का, ही नळी अजून लागतेच का. आणि ती गप्प पडून राहिली तर शांत झाली असं समजायचं नाही, डॉक्टरांना सांगायचं.

शिवाय ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांना भेटून सगळं सांगायचं. आधी कुणाला वात झाला होता, झोपेची गोळी चालू आहे का, ऐकू कमी येतं का, घरात काय विसरतात. इथं माणसाचा मान राखण्यासाठी लपवू नये. काकूनं जे राखलं ते प्रेमानं राखलं, तिला कुणी नावं ठेवणार असेल तर माझ्याशी गाठ आहे. पण डॉक्टरांना ते कळलं असतं तर आजीकडे पहिल्या रात्रीपासून जास्त लक्ष गेलं असतं.

आजीला ऑपरेशन न करता ठेवायला पाहिजे होतं, असंही अजून काही जण म्हणतात. खुब्याचं हाड मोडलेलं म्हातारं माणूस अंथरुणावर ठेवलं तर पाठीला जखमा, छातीत कफ, पायात रक्ताच्या गुठळ्या, आणि वात तर तिथंही होतोच. तिला नंतर तीन वर्षं काठी घेऊन दारापर्यंत चालता आलं. ज्यांनी ऑपरेशनला होकार दिला त्यांच्यावरचा ठपका आता काढावा, अशी माझी घरच्यांना विनंती आहे.

आत्याचं मात्र तसं नाही. गुडघ्याला घाई नाही. ते आज केलं नाही तर जीव जात नाही, पण दोन-चार वर्षांनी केलं तर वय वाढलेलं असेल, आणि या सगळ्या अभ्यासांत वय हाच मोठा धोका निघतो. घरात बसून चालणं बंद झालं तर ते डोक्यालाही चांगलं नाही. दोन्ही गुडघे एकदम करायचे की एकेक, हेही डॉक्टरांना विचारता येईल.

तिच्या सुनेला मी एक वही घालायला सांगितलीय. ऑपरेशन होवो न होवो. आत्या आज काय काय करते ते लिहायचं. भिशीचे बारा नंबर तोंडपाठ सांगते का. हरिपाठ मध्ये न अडखळता पुरा होतो का. लोणच्याचा मसाला मापानं घालते की विचारून. वार उलटे म्हणता येतात का (हे मी स्वतः करून बघितलं, दोनदा अडलो). वही आत्याला दाखवून लिहायची, चोरून नाही. पहिल्या पानावर तिनंच भर घातली म्हणे, की तिला सगळ्या भाच्यांचे वाढदिवस तिथीनं येतात. येतात खरे, माझा मलाच तिथीनं माहीत नव्हता.

हे सगळं तिला फोनवर वाचून दाखवणार आहे. तिनं हो म्हणावं म्हणून लिहिलेलं नाही. दहातल्या एकाला तीन महिने तरी त्रास होतो, हे ऐकूनही ती नको म्हणाली तर ते नको शहाणपणाचं असेल. फक्त ते आजीच्या त्या दहा रात्रींना घाबरून आलेलं नसावं, एवढीच इच्छा.

असो. बरंच लांबलं. तुमच्या घरी कुणाला असं झालं असेल तर कळवा, आणि त्याच्या आधी ते माणूस कसं होतं, हेही आठवून लिहा.